गाडीचे पाणी जाते कुठे?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांकडून आपापल्या व्यवसायाविषयी लेख मागविले, तेव्हा आम्ही तिघे वर्गमित्र एकत्र बसलो. आमच्यापैकी एक जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्तीचा विषय शिकवितो, दुसरा अलिबाग-पेण रस्त्यालगत लहानसे गॅरेज चालवितो आणि तिसरा सात आसनी प्रवासी गाडीचा मालक व चालक आहे. लिहावे तरी कशाविषयी, असा प्रश्न पडला. पण फार वेळ पडला नाही. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी स्टिअरिंगच्या बळावर घरे उभी केली आहेत. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी शाळेची गाडी, कोणी मासळीचा टेम्पो. या सर्वांना कधी ना कधी ज्या संकटाने गाठले आहे आणि ज्यात आम्ही स्वतः मोठी चूक केली आहे, तोच विषय घ्यावा असे ठरले. इंजिन तापणे आणि त्यातील पाणी कमी होत जाणे, हा तो विषय.

चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्यातील तिसऱ्याच्या गाडीचे पाणी कमी होऊ लागले. दर दोन-तीन दिवसांनी बाटलीभर पाणी घालावे लागे. त्याने गॅरेजवाल्याला, म्हणजे आमच्यातीलच दुसऱ्याला, फोन केला. उत्तर मिळाले, "असेल कुठे बारीकशी गळती. पाणी टाकत राहा आणि धंदा कर. गणपती झाले की बघू." हंगामाचे दिवस होते, गाडीवर पतपेढीचे कर्ज होते, तेव्हा हा सल्ला दोघांनाही सोयीचा वाटला. तीन आठवडे अंगणातल्या विहिरीचे पाणी घालणे चालू राहिले. मग एके दिवशी मुंबईहून चाकरमानी मंडळी घेऊन येताना नागोठणे सोडून सुकेळी खिंडीचा चढ लागला आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. गाडी बाजूला घ्यावी असे मनात येते न येते तोच काटा आपोआप खाली आला. "निवली बिचारी," असे म्हणून त्याने गाडी पुढे काढली. पाच-सहा मिनिटांत इंजिन बंद पडले ते पडलेच.

काटा खाली आला, कारण तो ज्या पाण्याची उष्णता मोजत होता ते पाणीच उरले नव्हते. हेड वाकले, गॅस्केट फुटले, हंगाम बुडाला आणि चार हप्ते थकले. इंजिन उघडल्यावर मूळ कारण सापडले, ते पाण्याच्या पंपाचे झिजलेले सील. पंप बदलण्याचा खर्च आणि इंजिनाच्या कामाचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. तेव्हापासून आम्ही तिघे एक प्रश्न विचारायला शिकलो: किती पाणी टाकले, हे नंतर, आधी सांगा, गेलेले पाणी गेले कुठे?

उष्णतेचा हिशेब

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने एक तृतीयांश शक्ती गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे तप्त वायूंबरोबर निघून जाते आणि उरलेली जवळपास एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमधील ज्वाळेचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनाचे हेड ज्या ॲल्युमिनियमचे बनते ते ६६० अंशांना वितळते. ही दोन माणसे एका घरात सुखाने नांदतात, ती केवळ मधून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरामुळे.

हे पाणी पंपाच्या जोरावर इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते, उष्णता घेते, वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याला उष्णता देते आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. इंजिन गार असताना तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही; साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडू लागतो. विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर १९०१च्या मर्सिडीज गाडीला बसविला, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

बदलले ते झाकण. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. परंतु ते बंद भांड्यात दाबाखाली ठेवले तर उकळण्याचा बिंदू वर सरकतो, हे घरातील प्रेशर कुकरने आपल्याला शिकविलेच आहे. आजच्या गाड्यांचे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते. त्या दाबाला साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यात निम्मे ग्लायकॉल मिसळले, म्हणजे ज्याला आपण कूलंट म्हणतो ते केले, की ही मर्यादा आणखी वाढते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ही व्यवस्था बंद आहे. जुन्या काळी घाट चढून आलेल्या गाडीचे बॉनेट उघडून डब्याने पाणी ओतणे हा प्रवासाचाच भाग असे आणि मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा चालक पाण्याची बाटली जवळ बाळगी. ती सवय आपल्या हातांत राहिली. गाड्या मात्र बदलल्या. निरोगी बंद व्यवस्थेतील पाणी महिनोन्महिने जवळजवळ त्याच खुणेवर राहिले पाहिजे. ते दर आठवड्याला कमी होत असेल तर गाडीला "तहान" लागलेली नाही, तिला जखम झालेली आहे.

पाणी जाण्याच्या चार वाटा

नाहीशा झालेल्या पाण्याला चारच वाटा असतात: बाहेर, झाकणातून, सिलिंडरमध्ये आणि तेलात. शोध याच क्रमाने घ्यावा, कारण सोपे व स्वस्त कारण आधी तपासलेले बरे.

पहिली वाट बाहेरची. रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. येथे किनाऱ्यावरच्या लोकांची एक नेहमीची फसगत होते. आपल्या दमट हवेत एसी चालू असला की गाडीखाली पाण्याची धारच लागते. ते एसीचे पाणी असते. स्वच्छ, बिनरंगी आणि बोटांना साधे लागणारे. ते दोष नव्हे. कूलंटला रंग असतो आणि ते बोटांना किंचित बुळबुळीत लागते. ते चाखून पाहू नये; का, ते पुढे सांगू. सारी गळती खाली टपकतेच असेही नाही. गरम धातूवर पडलेला थेंब तिथेच वाळतो आणि मागे पांढरा, हिरवा किंवा गुलाबी ओघळ ठेवतो. होज पाइपांची टोके, त्यांवरील क्लिपा, रेडिएटरचे प्लॅस्टिक आणि धातू यांचा जोड या जागी असे ओघळ शोधावेत. पाण्याच्या पंपाला मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की त्यातून थेंब येऊ लागतो. तो थेंब म्हणजे पंपाने आधीच दिलेली नोटीस असते. आमच्या मित्राच्या पंपाखाली असाच एक ओघळ तीन आठवडे दिसत होता. पाहणारा कोणी नव्हता. गाडीच्या आत पायाखालची चटई ओली लागत असेल, काचेवर आतून चिकट धुके बसत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर डॅशबोर्डमागील हीटरची छोटी जाळी गळते आहे असे समजावे.

डोळ्यांना काहीच दिसले नाही तर गॅरेजात दाब चाचणी करून घ्यावी. गार इंजिनाच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरतात आणि पाव तास थांबतात. दाबाचा काटा उतरला तर गळती आहे, आणि या दाबाने ती बहुधा स्वतःच उघडी पडते. ही चाचणी स्वस्त आहे. ती न करता सुटे भाग बदलत जाणे महाग पडते.

दुसरी वाट झाकणाची. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण आणि शेजारी साधी बाटली असते. गरम झालेले जादा पाणी बाटलीत जाते आणि इंजिन निवले की झाकणातील उलट झडपेतून परत येते. ती झडप अडकली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा चमत्कार दिसतो. इंजिन गार झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला आढळतो. अशा वेळी केवळ बाटलीची खूण पाहून समाधान मानणारा चालक फसतो.

तिसरी वाट सिलिंडरची. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट एका जागी जळाले की पाणी ज्वाळेत शिरते आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर होऊन बाहेर पडते. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना थोडी वाफ दिसते, तिची भीती नको. इंजिन पुरते तापल्यावरही धूर चालूच राहिला तर मात्र सावध व्हावे. वाट दुहेरी असते: पाणी आत जाते तसा ज्वाळेचा वायू पाण्यात येतो. म्हणून गार गाडी सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे किंवा टाकीत सतत बुडबुडे येत राहणे, ही गॅस्केटची खूण होय. खात्रीसाठी गॅरेजात निळ्या द्रवाची चाचणी असते. टाकीतील हवा त्यातून ओढली असता द्रव पिवळा झाला तर पाण्यात जळलेला वायू आहे हे सिद्ध होते. नव्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्यासाठी ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तरी पाणी असेच गुपचूप नाहीसे होते. म्हणून थेट हेड उघडण्याआधी तोही तपासण्यास सांगावे.

चौथी वाट तेलाची. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसला, शिवाय तेलाची पातळी न भरता वाढलेली असली, तर पाणी तेलात मिसळते आहे. केवळ जवळच्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली दमट हवेने थोडा फेस धरतो, पण डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ राहते. हा फरक ध्यानात ठेवावा. तेलच दुधाळ झाले असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. अशा तेलाने बेअरिंगे खाल्ली जातात.

या चारही वाटांच्या शोधात सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे वही. दर सोमवारी सकाळी, गार इंजिनावर, एकाच जागी गाडी उभी करून पातळी पाहावी आणि तारीख, किलोमीटर व घातलेले पाणी लिहून ठेवावे. "थोडेथोडे जाते" या शब्दांवर मेकॅनिक फार काही करू शकत नाही. "आठशे किलोमीटरला अर्धा लिटर" म्हटले की त्याला दिशा मिळते.

काटा केव्हा चढतो?

पाणी जागच्या जागी असूनही इंजिन तापू शकते. तेव्हा ते कोणत्या प्रसंगी तापते, हे नीट सांगणारा चालक अर्धे निदान घेऊनच गॅरेजात येतो.

वडखळ नाक्याच्या रांगेत काटा चढतो आणि रस्ता मोकळा होताच उतरतो, असे असेल तर संशय पंख्यावर. उभ्या गाडीला वारा देण्याचे काम फक्त पंखा करतो. धावत्या गाडीला रस्त्याचा वारा मिळतो. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की थोड्या वेळात पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले, तारा आणि मोटर या क्रमाने पाहावे. मात्र विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हात आणि ओढणी-उपरणे दूर ठेवावे.

याच्या उलट, रांगेत ठीक पण कार्लेखिंडीच्या किंवा कशेडीच्या चढावर भरल्या गाडीने काटा चढतो, असे असेल तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटरला भार झेपत नाही. आतून क्षार साठलेला रेडिएटर, बाहेरून चिखल व किड्यांनी बुजलेली जाळी, झिजलेला पंप किंवा ओढीने चपटा होणारा खालचा पाइप, यांपैकी काही निघते. रेडिएटरवरून हात फिरविताना, अर्थात इंजिन बंद करून आणि गाडी निवू लागल्यावर, मधेच गार पट्टा लागला तर तेथील नळ्या बंद आहेत.

गाडी सुरू केल्यापासून थोड्याच वेळात काटा थेट वर गेला आणि वरचा पाइप तापलेला असून खालचा गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याचा संभव आहे. त्याची परीक्षा घरच्या चुलीवरही होते. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात सोडून तापवावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे.

काटा वर-खाली नाचत असेल तर बहुधा पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. पाणी बदलल्यानंतर हवा नीट काढली नाही तर हेडच्या उंच भागात तिचा फुगा बसतो आणि तो भाग कोरडा पडतो.

आणि काटा कधीच मधोमध येत नाही, गाडी सदा गारच राहते, ही बातमी चांगली वाटली तरी चांगली नसते. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणी तरी तो काढून टाकला आहे. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? काढून टाक थर्मोस्टॅट," हा सल्ला आम्ही तरुणपणी ऐकला आणि दिलाही. तो चुकीचा आहे. गार इंजिन जास्त इंधन पिते, तेलात ओल व गाळ धरते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी आखूड वाटेने फिरून रेडिएटरला चुकविते आणि इंजिन उलट तापते.

काट्याबद्दल आणखी एक शब्द. आपल्या अलिबागला १९०४पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील सुया विचलित झाल्या असत्या, म्हणून हे काम येथे आणले गेले. सुई काय मोजते आहे आणि तिला कोण हलविते आहे याची खात्री करूनच तिच्यावर विश्वास ठेवायचा, हा शास्त्राचा नियम गाडीच्या काट्यालाही लागू आहे. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच बऱ्याच अंशांपर्यंत मध्यावर स्थिर ठेवलेला असतो; तो हलतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. काही गाड्यांत काटाच नाही, केवळ दिवा आहे. सेन्सरची तार गंजली तरी काटा खोटे बोलतो. आणि पाणी संपून सेन्सर उघडा पडला, तर आमच्या मित्राप्रमाणे तो दिलासा देतो. चढलेला काटा काही कारण नसता अचानक उतरला, तर त्याला दिलासा न मानता धोक्याची घंटा मानावी.

खारे पाणी, खारी हवा

आमच्या किनाऱ्याचा स्वतःचा एक दोष आहे. खाडीलगतच्या आणि समुद्राजवळच्या विहिरी व बोअरवेल यांचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते पिववत नाही हे जिभेला लगेच कळते. इंजिनाला जीभ नाही.

वसतिगृहातील आंघोळीचा तांब्याचा बंब सर्वांना आठवत असेल. त्याच्या आत जमणारा पांढरा थर खरवडण्याची पाळी आपल्यापैकी अनेकांवर आली आहे. थर जाड झाला की लाकडे जास्त लागत आणि पाणी उशिरा तापे, कारण तो थर उष्णतेला अडवितो. तोच थर इंजिनाच्या पोकळ्यांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तिथे चिंच लावून खरवडण्याची सोय नाही. शिवाय मचूळ पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पाडते, आणि आजचे रेडिएटर व हेड बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाणीच घ्यावे. बॅटरीसाठी मिळते तेही चालते. सगळ्यात सोपे म्हणजे तयार मिश्रण घेणे.

"बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला?" या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. कूलंट गोठण्यापासून वाचविते हे त्याचे एक काम झाले. आपल्याला त्याची उरलेली कामे हवी आहेत. ते उकळबिंदू वाढविते, गंज रोखते आणि पंपाच्या सीलला जपते. गंज रोखणारी द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून रंग चांगला दिसत असला तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला कूलंट बदलावे. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्यांनी ठरविलेले असतात. सारखा रंग म्हणजे सारखे द्रव्य नव्हे. दोन जाती एकत्र केल्यास त्यांतील द्रव्ये एकमेकांना निकामी करू शकतात, प्रसंगी गाळही धरतो.

खारी हवा रेडिएटरच्या पातळ पत्र्या बाहेरून कुरतडते. महिन्या-पंधरवड्याने गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात. मांडव्याला मार्च २०२०मध्ये रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईच्या गाड्या थेट आपल्या दारात उतरतात आणि त्यांतील काही वाळूत शिरण्याचा मोह आवरत नाहीत. मऊ वाळूत गाडी पहिल्या गिअरवर जोराने ओढते, पण वारा मिळत नाही. इंजिन काही मिनिटांत तापते. त्यांना बाहेर काढायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी स्वतःची गाडी वाळूत घालू नये आणि काही झाले तरी समुद्राचे पाणी इंजिनात टाकू नये.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा चढू लागताच एसी बंद करावा, खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरमवर लावावा; हीटर हा लहानसा दुसरा रेडिएटरच आहे. एवढ्याने काटा उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. "पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ" या तीन शब्दांनी जितकी हेडे वाकली तितकी दुसऱ्या कशाने वाकली नसतील. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असेल तर दोघांमधले गॅस्केट चिरडले जाते.

गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले १०० अंशांवरचे पाणी क्षणात उकळते. एक लिटर पाण्याची सुमारे सोळाशे लिटर वाफ होते. फडके धरून, तोंड फिरवून, "हळूच" उघडले तरी हा हिशेब बदलत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. पाणी थोडेथोडे घालावे. तप्त इंजिनात गार पाण्याची धार ओतल्यास धातू तडकू शकतो. अशा अडचणीत हाताशी असेल ते पिण्याचे पाणी चालेल, पण नंतर व्यवस्था धुऊन योग्य कूलंट भरावे. अंगावर वाफ किंवा पाणी आलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये, दवाखाना गाठावा.

आणि पालकांसाठी एक विनंती. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. सांडलेले लगेच पुसावे, जुने काढलेले गटारात किंवा अंगणात ओतू नये. कुत्र्या-मांजरांना गोडवा ओढतो. मुलाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि डबा सोबत न्यावा.

शेवटी

आमच्या मित्राची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. हेडला फेसिंग मारून, नवे गॅस्केट, नवा पंप आणि नवा थर्मोस्टॅट बसवून ते काम गॅरेजवाल्याने मजुरी न घेता केले. मजुरी माफ केल्याने बुडालेला हंगाम परत आला नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून गॅरेजात एक पद्धत पडली. पाणी कमी होते असे सांगणाऱ्या गाडीत आम्ही आधी पाणी ओतत नाही. चालकाला बसवितो, तो कुठून कुठे गेला, काटा केव्हा हलला, पाणी कुठले टाकले हे विचारतो, आणि मग पुठ्ठा घेऊन गाडीखाली शिरतो. आयटीआयच्या मुलांनाही हाच क्रम शिकविला जातो. फोनवर "टाक पाणी आणि ये" असे कोणालाच सांगितले जात नाही.

मित्राच्या गाडीत डॅशबोर्डच्या खणात आता एक दोनशे पानी वही असते. दर सोमवारची नोंद तिच्यात आहे. गेल्या पावसाळ्यापासून "घातलेले पाणी" या रकान्यात त्याला शून्याखेरीज काही लिहावे लागलेले नाही.